बँक ऑफ बॉम्बेचा ऱ्हास आणि तिचे संचालक मंडळ

गेल्या भाद्रपदात आपल्या ज्ञातीच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली, तेव्हा नव्या संचालक मंडळाच्या नावांवर चांगला पाऊण तास ऊहापोह झाला. कोकणातील किती, देशावरील किती, मुंबईकर किती, महिलांस किती जागा, तरुणांस किती, ह्याची वाटणी होता होता सभागृहात बराच रंग चढला. अखेर सर्व तालुक्यांचे समाधान झाले. इतक्यात पुढच्या रांगेत बसलेल्या एका वयोवृद्ध काकूंनी उभे राहून विचारले, "ह्यांतल्या कोणाच्या नावावर संस्थेचं कर्ज आहे का हो?" थोडा हशा पिकला. अध्यक्षांनी "काकू, ते सगळं हिशेबात असतं" असे सौम्यपणे सांगून पुढचा विषय घेतला. काकूंच्या दिवंगत यजमानांच्या निवृत्तीची बहुतेक रक्कम त्याच संस्थेत ठेव म्हणून आहे, हे आम्हांस ठाऊक होते. त्यामुळे आम्हांस काही हसू आले नाही.

अर्थशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आम्ही आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला. परंतु काकूंचा तो प्रश्न ऐकताच आम्हांस आपल्याच मुंबई शहरातील एका जुन्या बँकेची हकीकत आठवली. त्या बँकेच्या संचालक मंडळाची रचना कागदावर पाहिली तर कोणासही निर्दोष वाटावी. तथापि संकटाच्या काळी त्या रचनेचा काडीइतका उपयोग झाला नाही. ती हकीकत ज्ञातिबांधवांपुढे थोड्या विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली सनद मिळून स्थापन झाली. तिचे मूळ भांडवल ५२ लक्ष २५ हजार रुपये होते व त्यांपैकी ३ लक्ष रुपयांचे भाग खुद्द सरकारने घेतले होते. कारभार नऊ संचालकांच्या हाती असे. त्यांपैकी तीन सरकारने नेमावयाचे व उरलेले सहा भागधारकांनी निवडावयाचे, अशी व्यवस्था होती. कलकत्त्याची बँक ऑफ बेंगॉल, मुंबईची ही बँक आणि १८४३ साली निघालेली बँक ऑफ मद्रास, ह्या तिघींस इलाखा बँका म्हणत. आरंभी त्यांस आपापल्या नोटा काढण्याचा अधिकार होता. १८६१ च्या कायद्याने तो सरकारने आपल्याकडे घेतला आणि त्याच्या मोबदल्यात सरकारी खजिन्याची शिल्लक ह्या बँकांकडे ठेवण्यात येऊ लागली. सरकारचे भांडवल, सरकारची शिल्लक आणि सरकारचे तीन संचालक असल्यावर सामान्य माणसास ती सरकारचीच पेढी वाटावी ह्यात नवल नाही.

जुन्या सनदेने बँकेचे हात चांगलेच बांधून ठेवले होते. कर्ज थोड्या मुदतीचे द्यावयाचे, एका असामीस ठराविक मर्यादेपलीकडे द्यावयाचे नाही, आणि तारण म्हणून सरकारी रोखे किंवा प्रत्यक्ष माल ह्यांसारख्या भरवशाच्या वस्तूच घ्यावयाच्या, असे नियम होते. खाजगी कंपन्यांच्या शेअरांवर पैसे देण्यास मुभा नव्हती. हे नियम करणाऱ्यांस संचालकांच्या शहाणपणावर फारसा विश्वास नव्हता असे दिसते, आणि आमच्या मते तो त्यांचा मोठाच गुण होता. वीस-बावीस वर्षे बँक ह्या कुंपणात सुखाने नांदली. तिचे संचालक फार हुशार होते की सामान्य होते, ह्याची परीक्षा होण्याचा प्रसंगच त्या काळात आला नाही.

परीक्षा आली ती अमेरिकेतून. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण संस्थानांचे यादवी युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. तेव्हा गिरणीवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड व गुजराथ ह्या मुलुखांतील कापसाच्या गाठी मुंबई बंदरात येऊन पडू लागल्या आणि भाव पाहता पाहता कित्येक पट वाढले. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे साडेसात ते आठ कोटी पौंड अधिक रक्कम मुंबईच्या हाती आली, असा अंदाज त्या काळच्या लेखकांनी केलेला आहे. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८ लक्ष १६ हजारांवर भरली होती. एवढ्या शहरात एवढा पैसा अकस्मात उतरल्यावर तो स्वस्थ कसा बसणार?

तो शेअरांत शिरला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या, वित्त कंपन्या, जहाज कंपन्या आणि बँका ह्यांची रोज नवी पाटी लागू लागली. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका व १६ वित्त कंपन्या होत्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे. बॅक बे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. चर्चगेटहून लोकलने उत्तरेकडे जाताना मरीन लाइन्सच्या बाजूस रुळांखाली जो पट्टा लागतो, तो ह्याच खटाटोपाचे उरलेले फळ आहे. कंपनी बुडाली, परंतु भरलेली जमीन रेल्वेच्या कामी आली. असो.

ह्या धामधुमीच्या ऐन भरात, १८६३ साली, बँक ऑफ बॉम्बेसाठी नवा कायदा झाला. नोटांचा अधिकार गेल्यामुळे बँकेस उत्पन्नाची दुसरी साधने हवी होती, हे कारण वरवर अयोग्य नव्हते. नव्या कायद्याने जुनी बंधने बरीच सैल केली आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी केली. भांडवलही वाढवून अखेर २ कोटी ९ लक्ष करण्यात आले. ज्या वर्षी शहराचे डोके फिरू लागले त्याच वर्षी कुंपण काढले गेले. आता जे काही रक्षण व्हावयाचे ते मंडळातील नऊ माणसांच्या विवेकानेच व्हावयाचे होते.

ती नऊ माणसे कोण होती, हे नीट पाहिले पाहिजे. तीन सरकारी संचालक म्हणजे वरिष्ठ अधिकारी. त्यांस बँकेकडून कर्ज नको होते की सट्ट्यात रस नव्हता. सचोटीच्या दृष्टीने त्यांच्याकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. परंतु त्यांचे खरे काम दुसऱ्या कचेरीत होते. बँकेच्या सभेस येणे हे त्यांच्या लेखी एक जास्तीचे कर्तव्य होते. निवडून आलेले सहा हे शहरातील व्यापारी होते. बाजारातील प्रत्येक सहीची किंमत त्यांस ठाऊक असे, म्हणजे ज्ञानाच्या दृष्टीने ते अव्वल दर्जाचे. परंतु नव्या कंपन्या काढणारे, त्यांचे शेअर धरणारे व त्यांवर पैसा उचलणारे जे मंडळ होते, त्याच वर्तुळात त्यांचीही ऊठबस होती. येणेप्रमाणे ज्यांस व्यवहार कळत होता ते त्यात गुंतलेले, आणि जे गुंतलेले नव्हते त्यांस व्यवहार पाहण्यास सवड नाही. दोन्ही गुण एकाच खुर्चीत बसलेले मात्र आढळत नाहीत.

ह्या व्यापारी संचालकांत प्रेमचंद रायचंद हे नाव सर्वांत मोठे. १८३१ साली जन्मलेला हा सुरतेकडील दलाल इंग्रजी जाणणारा होता. त्याची बुद्धी विलक्षण होती आणि दातृत्व तर त्याहून विलक्षण होते. मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा ह्यांसाठी त्याने दिलेल्या देणगीतूनच १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर उभा आहे. मनोऱ्यास त्याने आपल्या मातेचे नाव दिले. अशा माणसास खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते इतिहासास धरून होणार नाही. त्याच्या शब्दावर सारा बाजार चालत होता, आणि बँकेचे चिटणीस जेम्स ब्लेअर हेही बाजाराहून वेगळे नव्हते. ब्लेअर हे बँकेचे मुख्य चालक. कर्ज द्यावयाचे की नाही हे प्रत्यक्षात तेच ठरवीत आणि ते ठरविताना प्रेमचंदांची शिफारस त्यांस पुरेशी वाटे. प्रेमचंदांच्या शब्दाखातर बँकेची तिजोरी उघडू लागली आणि ज्या कंपन्यांच्या शेअरांस बाजारातील हवेपलीकडे आधार नव्हता, त्यांवर बँकेचा पैसा बाहेर गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मंडळाने चिटणीसाच्या अधिकारास आवर घालणारे नियमच केले नव्हते. एका सहीने किती रक्कम द्यावी, कोणत्या कंपनीचे शेअर तारण म्हणून घ्यावेत व त्यांची किंमत किती धरावी, कोणते कर्ज मंडळापुढे आलेच पाहिजे, हे बांधून दिलेले असते तर ब्लेअर दुबळे असूनही निभावले असते. जुन्या सनदेत हे काम कायदा करीत असे, म्हणून मंडळास सवय नव्हती. कायद्याने हात काढून घेतला आणि मंडळाने तो पुढे केला नाही. आम्हांस तर हा सर्व प्रकार वर्गात शिक्षक नसताना मॉनिटराच्या हाती किल्ल्या देण्यासारखा वाटतो. मॉनिटर वाईटच असतो असे नाही. परंतु वर्गातील सर्वांत दांडगा मुलगा त्याचा मित्र असतो, हे विसरून चालत नाही.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. ती बातमी मुंबईस येताच कापसाचे भाव कोसळू लागले. शेअरांचे बहुतेक सौदे मुदतीचे होते आणि त्यांची मोठी मुदत १ जुलै १८६५ ही होती. तो दिवस उजाडला तेव्हा देणारे पुष्कळ होते, पण देण्यास कोणाजवळही काही नव्हते. ज्यांच्या नावावर कालपर्यंत लाखांनी मोजणी होत होती ती घराणी एकामागून एक बसली. पुढील वर्षी, मे १८६६ मध्ये, लंडनची ओव्हरेंड गर्नी ही विख्यात पेढी बुडाली आणि उरलासुरला धीरही सुटला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर एके काळी २,८५० रुपयांस विकला गेला होता तो पुढे ८७ रुपयांस मिळू लागला. १८६८ च्या आरंभी जुनी बँक मोडीत काढण्यात आली आणि त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. भागधारकांच्या भांडवलाचा फार मोठा भाग नाहीसा झाला होता. त्या भागधारकांत सट्टेबाज होते तसेच सरकारी बँक म्हणून विश्वासाने पैसे गुंतविलेले पेन्शनर, विधवा व पोरकी मुले ह्यांचे विश्वस्तही होते. त्यांनी कोणताही सट्टा खेळला नव्हता. त्यांनी केवळ मंडळातील नावे पाहिली होती.

विलायत सरकारने १८६८ साली सर चार्ल्स जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने जी कारणे दिली ती वाचण्यासारखी आहेत. १८६३ च्या कायद्याने दिलेल्या अधिकारांचा दुबळ्या व तत्त्वशून्य चिटणीसांनी केलेला दुरुपयोग हे त्याने मुख्य कारण मानले. त्या कायद्याने जुनी बंधने काढली व धोक्याचे व्यवहार करण्यास वाट दिली, हे दुसरे. काळ असाधारण होता हेही त्याने मान्य केले. कारभारात नीट कायदेशीर सल्ला घेतला गेला नाही, हे नमूद केले. आणि अध्यक्ष व संचालक ह्यांनी नियम केले नाहीत व देखरेख ठेवली नाही, ह्याबद्दल त्यांच्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला.

आयोगाविषयी पूर्ण आदर बाळगून आम्हांस एक शंका येते. चिटणीस हे मुख्य कारण कसे? चिटणीस नेमणारे मंडळ, त्याच्याकडून हिशेब न मागणारेही मंडळच. आणि त्या मंडळातील एकाच्या शब्दाखातर तो कर्जे देत होता. नोकराने धन्याच्या मर्जीप्रमाणे वागावे आणि चौकशीत नोकर पहिला यावा, हे आपल्या देशातील चौकश्यांत आजही पाहावयास मिळते. तीन सरकारी संचालकांचा दोष आम्हांस अधिक वाटतो. लोक ज्यांच्या भरवशावर पैसे ठेवीत होते ते हेच. चोराने दार फोडले त्याचा राग येतो, पण पहारेकरी घोरत होता ह्याचे दुःख जास्त होते.

कोणी म्हणेल, तशा वादळात कोणतेही मंडळ असते तरी बँक बुडालीच असती. ह्याचे उत्तर कलकत्त्याकडे पाहिल्यास काही अंशी मिळते. बँक ऑफ बेंगॉलमध्येही सरकारी व निवडलेले अशा मिश्र संचालकांचाच कारभार होता, आणि तिचाही कायदा १८६२ साली नवा झाला होता. ती १८६६ च्या धक्क्यातून सुखरूप निघाली. तिचे चिटणीस जॉर्ज डिक्सन हे करडे व सावध म्हणून प्रसिद्ध होते. १८६७ साली तिन्ही इलाखा बँका एक कराव्यात अशी योजना त्यांनीच पुढे आणली. कलकत्त्याचा बाजार मुख्यतः कापसावर नव्हता, म्हणून ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही हे कबूल केले पाहिजे. तरीही, दोन्ही मंडळांची आखणी जवळपास सारखी असताना फळ वेगळे का आले, हा प्रश्न उरतोच. जागांच्या संख्येत त्याचे उत्तर सापडत नाही. त्या जागांवरील माणसे कोणाचे देणे लागत होती, आणि त्यांपैकी नाही म्हणणारा कोणी होता की नाही, येथे ते शोधावे लागते.

सरकारने पुढे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. १८७६ च्या इलाखा बँक कायद्याने सरकारने आपले भाग काढून घेतले व संचालक नेमण्याचा हक्क सोडला. झोपलेला पहारेकरी ठेवण्यापेक्षा पहारेकरी नाही असे उघड सांगणे बरे, असाच त्याचा अर्थ आम्ही करतो. त्याच वेळी जुनी बंधने बरीचशी परत आणली. स्थावरावर कर्ज नाही, मोठ्या मुदतीचे कर्ज नाही, आणि वचनचिठ्ठीवर दोन स्वतंत्र नावे पाहिजेत. ह्या कुंपणात त्या तिन्ही बँका पुढे पंचेचाळीस वर्षे चालल्या. १९२१ साली त्या एकत्र होऊन इंपीरिअल बँक झाली आणि १९५५ साली तिची स्टेट बँक झाली. आपल्यापैकी अनेकांचे निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते तिच्या वंशावळीत ही बुडालेली आजी आहे.

ह्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यातून १९६२ साली ठेव विमा महामंडळ जन्मास आले. तेव्हा एका ठेवीदारास १,५०० रुपयांचे संरक्षण होते. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लक्ष झाले. १९६८ साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन संचालकांपैकी निदान ५१ टक्के लोकांस हिशेब, शेती, सहकार, अर्थकारण, कायदा अशा विषयांचे विशेष ज्ञान वा अनुभव असावा, असे ठरले. त्याच दुरुस्तीने बँकेने आपल्या संचालकांस कर्ज देण्यावरही कडक निर्बंध आले. १८६५ च्या मंडळातील दोन्ही उणिवा, म्हणजे अज्ञान आणि गुंतवणूक, एकाच कायद्याने हेरल्या होत्या. नागरी सहकारी बँकांवर संचालकांस व त्यांच्या नातेवाइकांस कर्ज देण्याची बंदी २००३ साली आली, आणि ५१ टक्क्यांचा तो नियम २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यांस लागू झाला.

आता परदेशातील अलीकडच्या एका संकटाकडे वळू, कारण त्याने ह्या विषयात एक नवा पेच उभा केला. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉक ह्या बँकेपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. मागे सांगितलेल्या ओव्हरेंड गर्नीनंतर त्या देशात बँकेवर अशी धाव पडल्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग. तिचे अध्यक्ष मॅट रिडली हे प्राणिशास्त्राचे पदवीधर व नामांकित लेखक होते. त्यांचे वडीलही पूर्वी त्याच संस्थेचे अध्यक्ष होते. अध्यक्ष व मुख्याधिकारी ह्या दोघांपाशीही बँकिंगची रीतसर पात्रता नव्हती, ह्यावर पार्लमेंटच्या समितीने कडक ताशेरे झाडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली. तिच्या संचालकांत एक नाट्यनिर्माते होते, नौदलातील एक निवृत्त महिला अधिकारी होत्या, आणि २००६ पर्यंत एक चित्रपट अभिनेत्रीही होत्या. जोखमीवर लक्ष ठेवणारी समिती २००६ साली दोनदा व २००७ साली दोनदा भरली. आपल्या मंडळाची गणेशोत्सव समिती ह्याहून अधिक वेळा भरते.

हे वाचून मन म्हणते, मंडळात तज्ज्ञ घाला म्हणजे झाले. स्पेनमधील बचत बँकांच्या एका अभ्यासात तसेच दिसले. तेथे ज्यांचे प्रमुख राजकीय नेमणुकीचे वा बँकिंगचा अनुभव नसलेले होते, त्या बँकांची बुडीत कर्जे अधिक निघाली. परंतु अमेरिकेतील मोठ्या बँकांच्या अभ्यासात उलट आढळले. ज्या मंडळांतील स्वतंत्र संचालक अर्थव्यवहारातील तज्ज्ञ होते, त्या बँकांनी संकटापूर्वी अधिक जोखीम घेतली आणि संकटात अधिक मार खाल्ला. मुंबईचे १८६५ चे व्यापारी संचालक आठवावेत. बाजार जाणणारा माणूस बाजाराबरोबरच वाहत जातो.

त्याहून मार्मिक निष्कर्ष तीस देशांतील २९६ वित्तसंस्थांच्या अभ्यासाचा आहे. ज्यांच्या मंडळांत स्वतंत्र संचालक अधिक, त्यांच्या शेअरांचे भाव संकटात अधिक पडले. प्रथमदर्शनी हे कोड्यासारखे वाटते. अभ्यासकांनी कारण शोधले तेव्हा दिसले की अशा मंडळांनी संकटाच्या वेळी नवे भांडवल अधिक उभारले. नवे भांडवल आले म्हणजे जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो, म्हणून शेअर पडतो. परंतु बँकेचे ज्यांना देणे आहे त्यांची बाजू बळकट होते. मंडळ चांगले की वाईट, हे भागधारकास विचारले तर एक उत्तर येते आणि ठेवीदारास विचारले तर दुसरे. हा अभ्यास वाचला तेव्हा काकूंचा प्रश्न आम्हांस आणखी मोठा दिसू लागला. काकू भागधारक म्हणून विचारीतच नव्हत्या.

सहकारात तर आपण एकाच वेळी सभासद, ऋणको व ठेवीदार असतो. त्यामुळे घोटाळा अधिक. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा प्रथम मिळाली. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचे उघड झाले. ते झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. बँकेच्या अध्यक्षपदी असलेले गृहस्थ पूर्वी त्याच समूहाच्या कंपनीचे संचालक होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांची परतफेड वर्षांच्या हप्त्यांवर गेली. एकाच घराकडे गेलेले कर्ज आणि त्या घराशी नाते असलेली खुर्ची, ह्या दोन गोष्टी १८६५ आणि २०१९ ह्या दोन्ही साली एकत्र दिसतात. मध्ये दीडशे वर्षे गेली.

येथे एक सूचना आवश्यक वाटते, कारण ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा ह्याविषयी गैरसमज आहे. वर सांगितलेला ५ लक्ष रुपयांचा ठेव विमा बँकांतील ठेवींस आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. परंतु पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवींस हे विमासंरक्षण नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. म्हणजे १८६३ साली बँक ऑफ बॉम्बेचे जे झाले ते पतसंस्थेच्या बाबतीत नित्याचेच आहे. बाहेरचे कुंपण कमी, आणि जे काही रक्षण व्हावयाचे ते मंडळातील माणसांकडूनच.

आपल्या पतसंस्थेत काही वावगे आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. तसा कोणताही पुरावा आम्हांपाशी नाही, आणि संचालकांपैकी कित्येकांस आम्ही लहानपणापासून ओळखतो. प्रेमचंदांसही सारी मुंबई ओळखत होती. कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत भरावयाची आहे. त्या सभेसाठी आम्ही एक लेखी ठराव चिटणिसांकडे दिला आहे. संचालकपदाच्या उमेदवारांच्या यादीत गाव, वय व शिक्षण ह्यांच्या रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने असावेत, एवढेच त्यात म्हटले आहे. पहिल्यात उमेदवाराच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या नावावरील कर्जाची बाकी लिहावी, आणि दुसऱ्यात तो ज्या कर्जांस जामीन आहे त्यांची रक्कम. यादी सभेपूर्वी आठ दिवस सर्व सभासदांस मिळावी. ठरावावर सूचक म्हणून आमची सही आहे आणि अनुमोदक म्हणून काकूंची.